कुरडईचं ऊन

"ऐका गं बायांनो! संतपूरचं आभाळ काय म्हणायलंय ते ऐका. आज पापडाचं ऊन हाय. पापडाचं! कुरडईवालीनं घाई करू नये. शेवयावालीनं खुशाल बसावं. दुपारनंतर वारं सुटंल, साड्यांवर धोंडे ठेवा. झालं."

होळीच्या आसपास ऊन तापायला लागलं की राजूकाकूचा असा निरोप रोज सकाळी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर येतो. मोबाईल तोंडाजवळ धरायची तिला गरज नाही. तो गच्चीच्या कठड्यावर असतो, काकू पाण्याच्या टाकीजवळ असते, तरी आवाज फाटून येतो. गल्लीत राहणाऱ्यांना तर तो आधी गच्चीवरून ऐकू येतो आणि मग मोबाईलवरून. तरीही सगळ्या जणी मोबाईलवरचा पुन्हा ऐकतात.

राजूबाई माझी चुलती. संतपुरात आमची सोयाबीन आणि तुरीची शेती आहे. अंकुशकाका शेत बघतात आणि काकू आभाळ बघते. आभाळाकडे बघताना बाकीची माणसं डोळ्यांवर हात धरतात. काकू दोन्ही हात कमरेवर ठेवते, भांडायला उभी राहिल्यासारखी. तिचं म्हणणं, आभाळाला नुसतं बघितलं तर ते लबाडी करतं, त्याला दटावून बघावं लागतं.

मी बीदरला इलेक्ट्रॉनिक्स शिकले. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग हे आकडे मला येतात. पण आकडा सांगितला की आमच्या गल्लीत कुणालाच काही कळत नाही. काकूची मोजपट्टी मात्र पाळण्यातल्या पोरीलासुद्धा कळेल. सगळ्यात कोवळं ते शेवयाचं ऊन. त्याच्यावर पापडाचं. त्याच्याही वर कुरडईचं ऊन, म्हणजे गच्चीवर चप्पल विसरलात तर नाचत खाली यावं लागेल असं. ऊन नसेल तर 'नुसतं आभाळ'. आणि सगळ्यात शेवटचा इशारा, 'उचला!' तो आला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल, पण वाळवण गच्चीवर राहता कामा नये.

काकू चुकत नाही असं समजू नका. चुकते, आणि सगळ्या गल्लीच्या साक्षीने चुकते. गेल्या वर्षी तिने 'उचला' म्हणून बायकांना पळवलं आणि एक थेंबही पडला नाही. बायका भांडायला आल्या तेव्हा म्हणाली, "आलं हुतं की! तुमची पळापळ बघून भिऊन परत गेलं."

मी एकदा तिला मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज दाखवला. त्यात पावसाची शक्यता तीस टक्के होती.

"तीस टक्के म्हंजे काय गं?" तिने विचारलं. "तीस टक्के कुरडया वाळत घालू का? का तीस टक्के गच्चीवर पाऊस पडंल आन् बाकीच्या गच्चीवर ऊन?"

मी समजावून सांगायला लागले. संभाव्यता वगैरे. काकूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे त्यालाबी ठावं न्हाई. तसं सांग की सरळ."

ही आभाळाची विद्या काकूला कुठून आली, तर तिच्या माहेरच्या लग्नांतून. पाच बहिणी. एक दिली आळंदला, एक अफजलपूरला, एक उदगीरला, एक तेलंगणात नारायणखेडला आणि ही मधली संतपूरला. "आमच्या अप्पानं लेकी दिल्या न्हाईत," काकू अभिमानाने सांगते, "चहू बाजूंनी ठाणी बसवली!" वाळवणाच्या दिवसांत रोज जेवणानंतर चारही ठाण्यांना फोन जातो. तब्येत, सुना, म्हशी हे नंतर. आधी, "तुझ्याकडं वर काय हाय?" काकूच्या हिशोबाने या दिवसांतलं वादळ मावळतीकडून येतं. आधी अफजलपूरला, मग आळंदला आणि आळंदहून तास-दोन तासांत आमच्या डोक्यावर.

प्रत्येक उपकरणाची स्वतःची एक चूक असते आणि ती वजा करून वाचायचं असतं, हे मी कॉलेजात शिकले. काकूला ते आधीपासून पाठ होतं. अफजलपूरची अंबिकामावशी कशालाच मोठं म्हणत नाही. ती "थोडं वारं हाय" म्हणाली की तिच्याकडचे पत्रे उडालेले असतात. आळंदची चांगुणामावशी बरोबर उलटी. कापसाएवढा ढग दिसला की, "राजू, प्रलय आला गं! आता आपली भेट न्हाई!" त्यामुळे काकू अंबिकेला दुप्पट करायची आणि चांगुणेला अर्धी. मधली जी गोष्ट निघायची ती संतपूरचा अंदाज.

या वर्षी गोष्ट अडली ती सिद्धव्वाच्या कुरडयांवर.

सिद्धव्वा आमच्या शेजारची. तिची मुलगी विजयश्री औरादला शाळेत शिकवते, माझी मैत्रीण. तिचं लग्न आठवड्यावर आलं होतं. रुखवतात घरच्या कुरडया हव्यात, असा सिद्धव्वाचा हट्ट. बाजारातून आणून ठेवल्या तर सासरच्या बायका नुसत्या बघून ओळखतात आणि पुढची वीस वर्षं बोलून दाखवतात. एक घाणा तिने आधी करून बघितला होता. पण ऐन वेळी ढग आले, दोन दिवस ऊनच पडलं नाही आणि सगळा चीक आंबून म्हशीपुढे गेला. आता घरच्या शेतातला शेवटचा गहू उरला होता.

कुरडईची खोड ही की तिचं ऊन आधी ओळखावं लागतं. गहू तीन दिवस भिजवायचा, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवायचा. म्हणजे गहू पाण्यात घालतानाच पुढचं आभाळ कळायला हवं. एकदा घातला की मागे फिरता येत नाही.

सिद्धव्वा पदराने तोंड पुसत गच्चीवर आली. "राजक्का, खरं सांग. ह्या बारीबी कुरडगी गेली तर माझी पोरगी रिकाम्या ताटानं सासरी जाईल बघ."

काकूने चारही बहिणींना फोन लावले. मग कमरेवर हात ठेवून आभाळाला बराच वेळ दटावलं.

"भिजव," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर भिजव."

गल्लीतल्या बाकीच्या बायकांनीही हाताला हात लावू म्हणून आपापले सोऱ्ये घासून ठेवले. तीन दिवस सगळ्या गल्लीला भिजल्या गव्हाचा आंबूस वास सुटला. चीक निवळत ठेवायच्या दिवशी चांगुणामावशीचा फोन आला. आळंदला काळंकुट्ट आलंय, ढोल वाजायलेत, जग बुडायलंय. काकूने अर्धं केलं, अफजलपूरला विचारून घेतलं, आणि ग्रुपवर निरोप टाकला. तो जसाच्या तसा असा होता:

"ऐका गं बायांनो! आळंदकडं आभाळ गरजायलंय म्हणून कुणी भिऊ नका. आळंदचं आभाळ आमच्या चांगुणीसारखं हाय. आवाज गावभर, पाणी वाटीभर! उद्या कुरडईचं ऊन. झालं."

काय हसल्या बायका! त्या दिवशी खरोखरच काही पडलं नाही, त्यामुळे आणखी हसल्या. हसणारी तोंडं चिकटवून त्यांनी तो निरोप बहिणींना पाठवला, भावजयांना पाठवला, विहिणींना पाठवला. तो फिरत फिरत आळंदला चांगुणामावशीच्या सुनेच्या मोबाईलवर पोचला. सुनेने तो सासूला ऐकवला. सासूला नीट कळलं नसेल म्हणून परत ऐकवला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी काकू आपल्याच विनोदावर खूश होऊन पातेली मोजत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिद्धव्वाच्या गच्चीवर चुली पेटल्या. चीक शिजताना तो एकसारखा हलवावा लागतो, नाहीतर गोळे होतात. तिघी जणी आळीपाळीने उलथनं फिरवत होत्या आणि चौथी हातावर गरम चीक घेऊन तेल-तिखटाबरोबर चाटत होती. ऊन वर आलं तसे सोऱ्ये फिरायला लागले. जुन्या साड्यांवर पांढऱ्याशुभ्र जाळीदार कुरडयांच्या रांगा पडू लागल्या.

"विजू, नवऱ्याचा कान धरल्यासारखा दाब की सोऱ्या!" एक बाई ओरडली.

"अजून कान हातात आला न्हाई, अक्का."

"मग आत्ताच सवय कर!"

काकू दोन्ही हात वर करून गच्चीभर फिरत होती, जसं काही ऊन तिनेच शिजवून आणलं होतं. आणि ऊन होतंही तसंच. निळं आभाळ, कोपऱ्यातसुद्धा ढग नाही. खाली येताना मी नाचत आले.

जेवणानंतर काकूने फोन लावला. मी शेजारीच होते. अफजलपूरची अंबिकामावशी म्हणाली, "सकाळी थोडं आलं हुतं. गेलं तुमच्याकडं." काकूने दुप्पट केलं आणि भुवया वर केल्या. मग आळंदला फोन.

"चांगुणाक्का, वर काय हाय गं?"

"ऊन," चांगुणामावशी म्हणाली.

नुसतं एवढंच. प्रलय नाही, ढोल नाही. काकू थोडी गडबडली. "कसलं ऊन?"

"लख्ख ऊन. तुला पाहिजे तसलं. कुरडईचं."

फोनमधून मागे कसलातरी आवाज येत होता. तडतड, तडतड, जोरात.

"अक्का, तुझ्या मागं काय तडतडायलंय?"

"भजी तळायले मी," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

काकूने सुटकेचा श्वास सोडला. ओसरीवर येऊन मोठ्याने म्हणाली, "आळंदला लख्ख ऊन! चांगुणाक्का भजी तळायलीय." अंकुशकाका खाटेवर पडले होते, ते लगेच उठून बसले. "मग आपल्याकडंबी टाका की चार भजी."

"कामून? डोहाळे लागलेत व्हय?" काकू म्हणाली. "असल्या उन्हात कुणाला भजी सुच..."

आणि ती थांबली. तोंड तसंच उघडं. मी आयुष्यात तिला वाक्याच्या मध्ये थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आमची चांगुणाक्का पावसाबिगर कढई चुलीवर ठेवत न्हाई. लहानपणापासून न्हाई."

"मग ते तडतडायलं ते?" मी विचारलं.

"भजी आसली तर पाऊस हाय. भजी नसली तर पत्र्यावर गारा हायत!"

मी मोबाईल काढून बघितला. तीस टक्के. काकूने पुन्हा आळंदला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा सुनेने उचलला आणि गोड आवाजात म्हणाली, "मावशी, अत्याबाई बोलणार न्हाईत. त्या म्हणायल्यात, माझा आवाज गावभर जातो, फोन कशाला पाहिजे?"

काकूने मोबाईल कमरेला खोचला. मग तडक सिद्धव्वाच्या गच्चीचा जिना चढली.

वर कुरडया अर्ध्या वाळल्या होत्या, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ. ओल्या कुरडईला हात लावला तर तिचा लगदा होतो. सिद्धव्वा साडीच्या कडेला बसून एकेक कुरडई न्याहाळत होती.

"उचला," काकू म्हणाली.

सगळ्या जणींनी वर बघितलं. निळं आभाळ. डोळे दिपतील असं ऊन.

"राजक्का, याड लागलं का?" सिद्धव्वा म्हणाली. "सकाळी तूच म्हणालीस, कुरडईचं ऊन. आता हात लावला तर रुखवतात काय ठेवू, गोळे? कशावरून पाऊस?"

काकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "भज्यांवरून."

गच्ची हसून हसून आडवी झाली. विजयश्री तर सोऱ्या पोटाशी धरून बसली. "काकू, भज्यांवरून माझ्या कुरडया मोडायच्या?"

सिद्धव्वा मात्र हसत नव्हती. ती काकूच्या तोंडाकडे बघत होती. "तू सांगितलीस म्हणून मी गहू घातला. आता तूच सांगायलीस म्हणून उचलू का? एकदा नीट सांग, राजक्का. आळंदला पाऊस हाय का न्हाई?"

काकूने मोबाईल काढला. ग्रुप उघडला. ज्या ग्रुपवर ती रोज आभाळाला दटावते, त्याच ग्रुपवर, सगळ्या गल्लीसमोर, तिने बोलायला सुरुवात केली.

"चांगुणाक्का, मी राजू बोलायले. तुझ्याबद्दल बोलले ते चुकलं. तुझा आवाज गावभर हाय हे खरं..." विजयश्रीने तिला चिमटा काढला. "...पण पाणीबी गावभर हाय! तू न्हाईस तर मावळतीकडचं मला कायबी दिसत न्हाई. मी आंधळी हाय, अक्का. मला पायजे तेवढ्या शिव्या दे. पण सिद्धव्वाच्या लेकीच्या कुरडया तुझ्या रुसव्यात मोडू नको. गार पडायलीय का, एवढं एक सांग."

मी तो निरोप आळंदच्या सुनेला पाठवला. निळ्या खुणा आल्या. म्हणजे ऐकला. सुनेच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं दिसायला लागलं, गेलं, परत दिसलं. मावशीला लिहायची सवय नाही, ती एकेक अक्षर शोधत असणार. आम्ही सगळ्या जणी त्या एवढ्याशा काचेवर वाकलो होतो. वर ऊन रणरणत होतं.

शेवटी एकच शब्द आला.

"उचला."

त्याच्या पाठोपाठ मावशीच्या आवाजातला एक लांबलचक निरोपही आला. पण तो ऐकायला कुणीच थांबलं नाही.

अर्ध्या ओल्या कुरडया उचलायच्या नसतातच, हे काकूला सुचलं. अख्खी साडीच उचलायची! दोन टोकं एकीने, दोन टोकं दुसरीने, मध्ये झोळ पडू न देता, ताणून. अंकुशकाका गावच्या सभागृहाची, समुदाय भवनाची, किल्ली आणायला धावले. आणि आमच्या गल्लीतून अशी मिरवणूक निघाली की लग्नात निघाली नसती. साड्यांच्या पालख्या, दोन दोन बाया, पाय एकदम पडावेत म्हणून "एक, दोन, एक, दोन!" कुणीतरी कानडीत मोजायला लागलं आणि तिथेच एक पालखी अडखळली. किराणा दुकानापुढचे गडी आभाळाकडे बघून हसत होते.

"काय गं, कुठं वरात?"

"पाऊस यायलाय!"

"कुठं? ऊन पडलंय की!"

"आळंदवरनं निघालाय!"

एक म्हैस रस्त्यात आडवी उभी होती. अंकुशकाका तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हैस सरकली. शेवटची साडी भवनाच्या दारातून आत गेली, तेव्हा मावळतीला शाईचा डाग पडल्यासारखं झालं. मग धुळीची भिंत आली. किराणा दुकानापुढचे गडी आता आमच्यामागे आत पळत आले. आणि मग गारा!

पत्र्याच्या छपरावर गारा म्हणजे काय विचारू नका. शेजारच्या बाईचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज नव्हता. चांगुणामावशीची भजी आता आमच्या डोक्यावर तळली जात होती. तेवढ्यात वीज गेली आणि पंखे बंद पडले. कुरडया दमट जागेत घामेजायला लागल्या. सिद्धव्वाने पदर सोडला आणि वारा घालायला लागली. मग सगळ्यांनी पदर, सुपं, वह्यांचे पुठ्ठे, दुकानवाल्या गड्यांनी टोप्या. कुणाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळे नुसते हसत होते आणि वारा घालत होते.

गारा थांबल्यावर विजयश्रीने कंदिलाच्या उजेडात कुरडया बघितल्या. "ही बघ, बीदर जिल्ह्यासारखी झाली. ही कलबुर्गी. तालुक्यांसकट."

"सासरला भूगोल शिकव," मी म्हणाले.

पण सिद्धव्वाचा जीव भांड्यात पडला नव्हता. कुरडया वाचल्या होत्या, वाळल्या नव्हत्या. आणखी एक कडक दिवस मिळाला नाही तर त्या भवनातच आंबणार होत्या.

सकाळी पहिल्या बसने चांगुणामावशी आली. स्वतः. हातात एक पिशवी, कपाळावर आठी. काकूकडे न बघता ती तडक सिद्धव्वाच्या गच्चीवर चढली. आम्ही नुकत्याच साड्या परत वर आणून पसरल्या होत्या. ऊन चांगलं चढत होतं. मावशी खाली बसली आणि एकेक कुरडई उलथी करायला लागली. काकू दुसऱ्या टोकाला बसून तेच करत होती. दोघींच्या मध्ये सिद्धव्वा.

दुपार होत आली तसा मावळतीला एक ढग उठला. फार मोठा नाही.

"सिद्धव्वा," मावशी म्हणाली, "तुमच्या राजूला सांगा, तो ढग पडणार. आत्ताच उचला म्हणावं."

"सिद्धव्वा," काकू म्हणाली, "आमच्या अक्काला सांगा, तो सुका ढग हाय. त्याच्या बुडाला काळं न्हाई."

"सुका? मी आळंदहून त्याच्या संगं आले बसनं! मला सांगायलीस व्हय?"

"बसच्या खिडकीतनं काय दिसतंय तुला? धूळ!"

"तुझ्यापरीस जास्त दिसतंय! काल कुणाला दिसत नव्हतं? कोण आंधळी म्हणत हुतं?"

"ते मी गरजेपोटी म्हणाले!"

दोघी उठून उभ्या राहिल्या होत्या, दोघींचे हात कमरेवर, दोघींची तोंडं मावळतीला, आणि त्या आता सरळ एकमेकींशी भांडत होत्या. गच्चीवरच्या बाया उचलू का ठेवू म्हणून दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. सिद्धव्वाने साडीवरची एक कुरडई हातात घेतली. बोटांनी हलकेच दाबली. कट् करून तुकडा पडला. दुसरी घेतली, तिसऱ्या साडीवरची. कट्.

"राजक्का, चांगुणक्का," ती म्हणाली, आणि रात्रीपासून पहिल्यांदाच हसली. "आता भांडा खुशाल. वाळल्या."